डॅनिश शब्दक्रम आणि ‘डेन डान्स्के ऑर्डबोग’ : व्याकरण शिकणाऱ्याच्या नजरेतून एका शब्दकोशाचे परीक्षण

डॅनिश भाषेचे व्याकरण पहिल्या भेटीत फार सरळ वाटते. क्रियापद पुरुषाप्रमाणे बदलत नाही, वचनाप्रमाणेही बदलत नाही; मी, तू, तो, आम्ही, ते या सगळ्यांना वर्तमानकाळात ‘एर’ म्हणजे ‘आहे’ हे एकच रूप पुरते. नामाला षष्ठीचा एक ‘स’ सोडला तर विभक्तीचा दुसरा कोणताही प्रत्यय लागत नाही. पण प्रत्ययांनी जे काम टाकून दिले ते कुणाला तरी करावेच लागते, आणि डॅनिशमध्ये ते काम वाक्यातल्या जागा करतात. मराठीत ‘कुत्रा माणसाला चावतो’ म्हणा किंवा ‘माणसाला कुत्रा चावतो’ म्हणा, ‘ला’ जोवर माणसाला चिकटलेला आहे तोवर कोण कुणाला चावतो याविषयी शंका राहत नाही. डॅनिशमध्ये ‘हुंडेन बिडेर मानडेन’ या वाक्यात कुत्रा चावणारा आहे तो केवळ पहिल्या जागेवर आहे म्हणून. दोन नामांची अदलाबदल केली आणि बोलताना एखाद्या शब्दावर खास जोर दिला नाही, तर चावणारा माणूस ठरतो.

त्यामुळे डॅनिश शिकणाऱ्याला शब्दाच्या अर्थाइतकीच त्याच्या जागेची माहिती हवी असते. ही माहिती पाठ्यपुस्तकात मिळते, वर्गात मिळते, पण रोज हाताशी असते ते साधन म्हणजे शब्दकोश. म्हणून ‘डेन डान्स्के ऑर्डबोग’ हा कोश येथे मी एकाच कसोटीवर तपासला आहे : शब्द वाक्यात कुठे आणि कुणाच्या सोबतीने बसतो, हे तो सांगतो का आणि कितपत सांगतो. पुढील सर्व डॅनिश उदाहरणे उच्चाराप्रमाणे लिहिलेली नाहीत. मूळ स्पेलिंग जसे आहे तसे अक्षराला अक्षर लावून देवनागरीत उतरवली आहेत, कारण कोशात शब्द शोधायचा तर स्पेलिंगच लागते. डॅनिश उच्चार या स्पेलिंगपासून बराच दूर गेलेला आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

हा कोश डॅनिश भाषा आणि साहित्य संस्थेने तयार केला आहे. ही संस्था १९११ साली स्थापन झाली. कोश प्रथम २००३ ते २००५ या काळात सहा खंडांत छापून आला आणि नंतर ‘ऑर्डनेट’ या त्यांच्या संकेतस्थळावर सर्वांना मोफत खुला झाला. मोबाइलवर त्याचे ॲपही आहे. साधारण १९५० नंतरची डॅनिश हा त्याचा विषय. छापील आवृत्तीत साठ हजारांहून अधिक शब्द होते, आता ही संख्या एक लाखाच्या घरात गेली आहे. कोश एकभाषी आहे : डॅनिश शब्दाचा अर्थ डॅनिशमध्येच दिलेला असतो. ही गोष्ट अगदी नवख्या माणसाला अडसर वाटेल, आणि त्याविषयी पुढे सविस्तर लिहितो. तूर्त एवढेच म्हणतो की शब्दक्रमाच्या अभ्यासाला एकभाषी कोशाचा जो उपयोग होतो तो द्विभाषी कोशाचा होऊ शकत नाही. द्विभाषी कोश अर्थ हातात ठेवून मोकळा होतो. हा कोश अर्थ समजावण्यासाठी पुन्हा डॅनिश वाक्येच लिहितो.

नोंद उघडली की शब्दाखालोखाल त्याची जात येते. नाम असेल तर लिंग, मग रूपे, उच्चार, व्युत्पत्ती, क्रमांक घातलेले अर्थ, छापील मजकुरातून घेतलेली अवतरणे आणि शेवटी ठरलेले वाक्प्रचार. शोधपेटीत ‘स्लोग’ असे भूतकाळी रूप टाकले तरी कोश मूळ ‘स्लॉ’ या क्रियापदाकडे नेतो. ही सोय साधी दिसते, पण ज्याला अजून अनियमित क्रियापदे पाठ नाहीत त्याचा बराच वेळ ती वाचवते.

या सगळ्यात माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची ओळ ‘व्याकरण’ या मथळ्याखाली येते, आणि बहुतेक शिकणारे नेमकी तीच ओलांडून पुढे जातात. तेथे क्रियापदाचे सूत्र दिलेले असते : कुणीतरी कुणाला तरी काहीतरी देते, कुणीतरी कुणाला तरी कशाची तरी आठवण करून देते, अशा धर्तीवर. ‘नोगेन’ म्हणजे कुणीतरी आणि ‘नोगेट’ म्हणजे काहीतरी, हे दोन शब्द मोठ्या अक्षरांत लिहून क्रियापदाभोवतीच्या रिकाम्या जागा दाखवलेल्या असतात. कोणत्या जागी माणूस चालतो, कोणत्या जागी वस्तू, कुठे शब्दयोगी अव्यय सक्तीचे आहे आणि कुठे पूर्ण उपवाक्य येऊ शकते, हे सगळे त्या एका ओळीत आटोपलेले असते.

‘स्लॉ’ हेच क्रियापद पाहू. त्याचा मूळ अर्थ मारणे. पण ‘ओप’ म्हणजे ‘वर’ हे अव्यय जोडले की त्यातून कितीतरी अर्थ फुटतात : शब्द कोशात पाहणे, तंबू उभारणे, फलकावर सूचना लावणे, प्रेमसंबंध तोडणे. अर्थांची ही गर्दी पाहून माणूस गोंधळतो, आणि नेमका येथेच सूत्राचा आधार मिळतो. कुणीतरी काहीतरी ‘ओप’ स्लॉर, असा आकार असेल तर मधे वस्तू आहे आणि अव्यय शेवटी आहे. शब्द पाहणे किंवा तंबू उभारणे हे अर्थ या आकाराचे. कुणीतरी स्लॉर ‘ओप’ आणि पुढे ‘मेड’ म्हणजे ‘-शी’ लावून कुणीतरी, असा आकार असेल तर संबंध तोडण्याचा अर्थ. अर्थ निराळा आहे म्हणून वाक्याचा सांगाडाही निराळा आहे, आणि कोशाने हे कोणतेही लांबलचक स्पष्टीकरण न देता दाखवले आहे.

या सूत्रातून शब्दक्रमाचा एक पक्का नियमही हाती लागतो. डॅनिशमध्ये अशा जोडक्रियापदातले अव्यय कर्माच्या नंतर येते : ‘येग स्लॉर ऑर्डेट ओप’, म्हणजे मी तो शब्द कोशात पाहतो. स्वीडिश शिकून डॅनिशकडे आलेल्यांनी येथे सांभाळावे, कारण स्वीडिशमध्ये तेच अव्यय कर्माच्या आधी, क्रियापदाला लागून येते. मराठी माणसाला हा क्रम विचित्र वाटत असला तरी डॅनिशपुरता तो अतिशय नियमित आहे, आणि कोशातल्या कोणत्याही जोडक्रियापदाची नोंद उघडून त्याची खात्री करून घेता येते.

आता याच वाक्यात नकार घालू, कारण डॅनिश शब्दक्रमाची खरी परीक्षा ‘इक्के’ म्हणजे ‘नाही’ या शब्दापाशी होते. ‘येग स्लॉर इक्के ऑर्डेट ओप’ : मी तो शब्द पाहत नाही. नकार क्रियापदानंतर, पण कर्माच्या आधी आला. मात्र ‘ऑर्डेट’च्या जागी ‘डेट’ म्हणजे ‘ते’ हे सर्वनाम घातले की क्रम पालटतो : ‘येग स्लॉर डेट इक्के ओप’. बिनआघाताचे सर्वनाम नकाराला ओलांडून पुढे आले, अव्यय मात्र शेवटी आहे तेथेच राहिले. वाक्य पूर्ण वर्तमानकाळात नेले तर सर्वनामाची ही उडी पुन्हा बंद होते : ‘येग हार इक्के स्लॉएट डेट ओप’. येथे ‘स्लॉएट’ हे कृदन्त वाटेत उभे आहे, म्हणून सर्वनामाला पुढे सरकता येत नाही.

हे सर्व पाठ करून जमणार नाही. त्यासाठी एक मांडणी डोळ्यांसमोर हवी, आणि ती डॅनिश व्याकरणात तयार आहे. पॉल डिडेरिक्सेन या डॅनिश भाषाभ्यासकाने १९४६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्राथमिक डॅनिश व्याकरणात वाक्याची रकान्यांची सारणी मांडली. डेन्मार्कमध्ये परदेशी लोकांना डॅनिश शिकवताना आजही याच सारणीची सोपी रूपे वापरली जातात. मुख्य वाक्याचे सात रकाने असतात : पहिला आरंभीचा, ज्यात जवळजवळ कोणताही घटक येऊ शकतो, दुसरा काळ दाखवणाऱ्या क्रियापदाचा, तिसरा कर्त्याचा, चौथा ‘इक्के’सारख्या वाक्यविशेषक अव्ययांचा, पाचवा कृदन्त किंवा मूळ रूपातल्या क्रियापदाचा, सहावा कर्माचा, आणि सातवा स्थळ, काळ, रीत किंवा ‘ओप’सारख्या दिशादर्शक शब्दांचा. रकाने रिकामे राहू शकतात, पण दुसरा रकाना मुख्य वाक्यात नेहमी भरलेला असतो.

‘इ डाग’ म्हणजे ‘आज’ हा शब्द आरंभी आणला की ‘इ डाग स्लॉर येग इक्के ऑर्डेट ओप’ असे वाक्य होते. पहिला रकाना ‘इ डाग’ने भरला, क्रियापद आपल्या दुसऱ्या जागेवरून हलले नाही, म्हणून कर्ता ‘येग’ तिसऱ्या रकान्यात गेला. यालाच वर्गात कर्ता आणि क्रियापद यांची अदलाबदल म्हणून शिकवतात; मला ते नाव दिशाभूल करणारे वाटते, कारण प्रत्यक्षात क्रियापद जागचे हलतच नाही. ‘आज मी’ असे सहज म्हणणारा मराठी माणूस ‘इ डाग येग’ असे म्हणून जातो, आणि ती चूक अदलाबदलीचा नियम घोकून जात नाही; दुसरी जागा क्रियापदाची आहे हे मनात रुजले की आपोआप जाते. ‘डेट वेड येग इक्के’, म्हणजे ‘ते मला माहीत नाही’, हे रोज कानांवर पडणारे वाक्यही याच साच्याचे आहे. तेथे आरंभीच्या रकान्यात कर्म बसले आहे. संपूर्ण उपवाक्यही त्या रकान्यात मावते : ‘व्हिस डु स्लॉर ऑर्डेट ओप, फिंडेर डु एट एक्सेम्पेल’, म्हणजे शब्द पाहिलास तर तुला उदाहरण सापडेल. स्वल्पविरामानंतर लगेच ‘फिंडेर’ हे क्रियापद आले, कारण आधीचे अख्खे उपवाक्य मिळून एकच घटक ठरला.

कोश आणि सारणी हे दोन्ही समोर ठेवून अभ्यास करावा, हे मला या परीक्षणात सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे. कोशातले एखादे अवतरण घ्यावे, ते वहीत सात रकान्यांत उतरवावे, मग आरंभीचा घटक बदलून तेच वाक्य पुन्हा लिहावे, नंतर त्यात नकार घालावा, आणि शेवटी नामाऐवजी सर्वनाम घालावे. या चार पायऱ्यांतून गेलेले वाक्य सहसा पुन्हा चुकत नाही. पाठ्यपुस्तकांतली वाक्ये या कामासाठी बेतून लिहिलेली असतात, म्हणून ती रकान्यांत फारच सहज बसतात. कोशातली अवतरणे वृत्तपत्रे, मासिके आणि पुस्तके यांतली असल्याने त्यांत एकात एक गुंतलेली उपवाक्ये असतात, लांबलेले कर्ते असतात, आणि त्यांना रकान्यांत बसवताना भाषेची खरी घडण दिसते.

गौणवाक्यात ही सारणी बदलते आणि मराठी शिकणाऱ्याला सर्वांत जास्त त्रास तेथेच होतो. मराठीत ‘तो येत नाही’ हे वाक्य ‘तो म्हणतो की’ याच्या पुढे जसेच्या तसे ठेवता येते. डॅनिशमध्ये ‘हान कोम्मेर इक्के’ हे मुख्य वाक्य ‘आट’ म्हणजे ‘की’च्या पुढे गेले की ‘हान सिगेर, आट हान इक्के कोम्मेर’ असे होते. नकार आता क्रियापदाच्या आधी आला. गौणवाक्यात प्रथम जोडशब्द, मग कर्ता, मग वाक्यविशेषक अव्यये, आणि त्यानंतर सर्व क्रियापदे येतात. आपले जुने वाक्य येथे ‘फोर्डि येग इक्के स्लॉर डेट ओप’ असे होईल : कारण मी ते पाहत नाही. सर्वनाम आता नकाराला ओलांडत नाही, कारण क्रियापद स्वतःच नकाराच्या मागे राहिले आहे. बोलताना ‘आट’नंतर काही वेळा मुख्य वाक्याचा क्रमही ऐकू येतो, विशेषतः म्हणणे, सांगणे अशा क्रियापदांनंतर. लेखनात मात्र शिकणाऱ्याने गौणवाक्याचाच क्रम पाळावा.

या ठिकाणी कोशातली अवतरणे आणखी एका कारणाने उपयोगी पडतात, ते म्हणजे स्वल्पविराम. डॅनिश लेखनात गौणवाक्याच्या आरंभी स्वल्पविराम देण्याची जुनी पद्धत आहे. आजच्या नियमांत तो देण्याची किंवा न देण्याची मुभा असली तरी छापील मजकुरात तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. वाचकाला याचा अर्थ असा की अवतरणात स्वल्पविराम दिसला की पुढे शब्दक्रम बदलण्याची शक्यता आहे. ‘येग ट्रोर इक्के, हान कोम्मेर’, म्हणजे ‘तो येईल असे मला वाटत नाही’, अशा वाक्यात ‘आट’ गाळलेला आहे आणि गौणवाक्य कुठे सुरू झाले हे सांगणारी दृश्य खूण केवळ तो स्वल्पविराम आहे. अवतरणे वाचताना या विरामावर बोट ठेवून थांबावे आणि पुढचा ‘इक्के’ किंवा ‘आल्टिड’ म्हणजे ‘नेहमी’ कुठे बसला आहे ते पाहावे.

नामांच्या बाबतीत कोशाचे काम चोख आहे आणि त्यावर फार लिहिण्यासारखे नाही. डॅनिशमध्ये दोनच लिंगे आहेत, सामान्य आणि नपुंसक, आणि सुमारे तीन चतुर्थांश नामे सामान्यलिंगी आहेत. लिंग ओळखण्याचा भरवशाचा नियम नाही, म्हणून प्रत्येक नामाच्या नोंदीत लिंग पहिल्याच ओळीत मिळते हे बरे. निश्चित रूप प्रत्ययाने होते : ‘हुस’ घर, ‘हुसेट’ ते घर, ‘बोग’ पुस्तक, ‘बोगेन’ ते पुस्तक. मूळ शब्दाला मागून प्रत्यय जोडण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला यात अवघड काही नाही. अडते ते विशेषण आल्यावर : ‘डेट स्टोरे हुस’, ते मोठे घर, येथे प्रत्यय गळून पडतो आणि त्याचे काम पुढे आलेला सुटा ‘डेट’ करतो. कोश नामाच्या नोंदीत हे स्वतंत्रपणे सांगत नाही. तेथे केवळ रूपे आहेत. हा नियम व्याकरणाच्या पुस्तकातूनच शिकावा लागतो.

‘सिन’ या सर्वनामाची नोंद मात्र प्रत्येक मराठी शिकणाऱ्याने सावकाश वाचावी असे मी आवर्जून सांगेन. ‘हान एल्स्केर सिन कोने’ म्हणजे तो आपल्या बायकोवर प्रेम करतो; ‘हान एल्स्केर हान्स कोने’ म्हणजे त्याचे प्रेम दुसऱ्या कुणाच्या तरी बायकोवर आहे. इंग्रजीतून डॅनिश शिकणाऱ्यांना हा भेद समजावून सांगताना पानेच्या पाने खर्ची पडतात, पण ‘आपला’ आणि ‘त्याचा’ यांत वाढलेल्या माणसाला तो जन्मापासून ठाऊक आहे. कर्त्याच्या जागी ‘सिन’ येत नाही, म्हणून ‘तो आणि त्याची बायको’ याचे ‘हान ओग हान्स कोने’ असेच होते. मराठीतही आपण येथे ‘त्याची’च म्हणतो. मात्र साम्य एका ठिकाणी तुटते. मराठीत ‘मी आपले काम करतो’, ‘ते आपले काम करतात’ असे कोणत्याही पुरुषात आणि वचनात म्हणता येते, तर डॅनिश ‘सिन’ केवळ तृतीयपुरुषी एकवचनी कर्त्याशी चालते. ‘ते’ कर्ता असेल तर ‘डेरेस’ वापरावे लागते, ‘मी’ असेल तर ‘मिन’. शिवाय वस्तूच्या लिंगवचनाप्रमाणे ‘सिन’, ‘सिट’, ‘सिने’ अशी तीन रूपे होतात, आणि ‘आपला, आपली, आपले’ म्हणणाऱ्याला त्यातही नवल वाटू नये.

आता उणिवांकडे वळतो. पहिली एकभाषीपणाची. ज्याला अजून दोनतीनशेच शब्द येतात त्याला या कोशाची व्याख्या वाचायला दुसरा कोश लागेल, आणि व्याख्येतला शब्द शोधताना तो तिसऱ्या शब्दावर जाऊन अडेल. अशा माणसाने सुरुवातीला अर्थ द्विभाषी कोशातून घ्यावा आणि येथे केवळ लिंग, रूपे आणि सूत्राची ओळ पाहण्यासाठी यावे. त्यासाठी ‘नोगेन’, ‘नोगेट’ आणि उपवाक्य या अर्थाचा ‘सेटनिंग’ एवढे तीन शब्द पुरतात. दुसरी उणीव अवतरणांची. ती प्रौढ वाचकांसाठी लिहिलेल्या मजकुरातून आलेली असल्याने त्यांत व्यक्तिनामे, संदर्भ आणि वाक्प्रचार पुष्कळ असतात, आणि सोपे ते कठीण अशी त्यांची चढण नसते. शिकणाऱ्यासाठी हा कोश लिहिलेला नाही, ही गोष्ट मान्य करूनच तो वापरावा लागतो.

आणखी एक सावधगिरी. ‘ऑर्डनेट’वरच दुसरा एक मोठा कोश आहे : ‘ऑर्डबोग ओवेर डेट डान्स्के स्प्रोग’. तो १९१८ ते १९५६ या काळात २८ खंडांत निघाला आणि साधारण १७०० ते १९५० या काळातल्या डॅनिशचा आहे. त्यात नामे मोठ्या अक्षराने सुरू होतात आणि आज एका अक्षराने लिहिला जाणारा ‘ऑ’ दोन ‘ए’ जोडून (aa) लिहिलेला आढळतो, कारण १९४८ च्या लेखनसुधारणेने या दोन्ही गोष्टी बदलल्या. जुने साहित्य वाचणाऱ्यासाठी तो खजिनाच आहे, पण रोजचे लेखन शिकणाऱ्याने आपण कोणत्या कोशात आहोत हे आधी पाहून घ्यावे. स्पेलिंगचा अधिकृत निकाल मात्र दोन्हींकडे नसून १९५५ साली स्थापन झालेल्या डॅनिश भाषा मंडळाच्या शुद्धलेखन कोशाकडे असतो. शाळा आणि सरकारी कार्यालये यांना तोच बंधनकारक आहे.

छोट्या अव्ययांच्या नोंदींविषयी लिहिल्याशिवाय हे परीक्षण पुरे होणार नाही. ‘यो’, ‘नोक’, ‘वेल’, ‘डा’ हे शब्द डॅनिश बोलण्यात सतत येतात आणि वाक्याचा सूर ठरवतात. ‘यो’ने बोलणारा सुचवतो की ही गोष्ट तुलाही ठाऊक आहे; ‘नोक’ने बहुधा असे होईल असे सुचवतो; ‘वेल’ने समोरच्याकडून दुजोरा मागतो. मराठीत हे काम ‘ना’, ‘की’, ‘बरं का’ असे शब्द बहुधा वाक्याच्या टोकाला बसून करतात. डॅनिशमध्ये त्यांची जागा वाक्याच्या पोटात, चौथ्या रकान्यात, ‘इक्के’च्या आधी आहे : ‘हान कोम्मेर यो नोक इक्के’, तो बहुधा यायचा नाही, तुला माहीतच आहे. कोशात या शब्दांचे अर्थ बारकाईने वेगळे केलेले आहेत, आणि अवतरणे इतकी बोलकी आहेत की या शब्दांपुरते तरी कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा मी याच नोंदींना अधिक मानतो. पण दोन अव्यये एकत्र आली तर आधी कोणते आणि नंतर कोणते, हे नोंदीत नियम म्हणून वाचायला मिळत नाही; ते अवतरणांतून ताडावे लागते.

सूत्रांच्या ओळीलाही हीच मर्यादा आहे. ती नेहमी होकारार्थी आणि कर्त्यापासून सुरू होणारी असते. ‘इक्के’ कुठे बसेल आणि गौणवाक्यात काय होईल, याबद्दल ती गप्प असते. कोशकर्त्यांना एक विनंती करावीशी वाटते : निदान नेहमीच्या वापरातल्या क्रियापदांच्या सूत्राखाली नामाच्या कर्मासह एक आणि सर्वनामाच्या कर्मासह एक, अशी दोन नकारार्थी वाक्ये द्यावीत, म्हणजे ‘स्लॉर इक्के ऑर्डेट ओप’ आणि ‘स्लॉर डेट इक्के ओप’ यांतला फरक शिकणाऱ्याला त्याच नोंदीत दिसेल.